धुऱ्यावरची आंबुशी



रोवणी आटोपली की निंदणाचे दिवस येतात. बांधीत उतरलेल्या बाईच्या पायाखाली, धुऱ्याच्या ओलसर कडेला, घरी न्हाणीच्या मोरीजवळ, तुळशीच्या कुंडीत एक बारीक वेल पसरलेला असतो. तीन पानांचा, पिवळ्या फुलाचा, चवीला आंबट. तो आपण सगळ्यांनी लहानपणी तोडून खाल्ला आहे. आंबुशी तिचं नाव. पोट बिघडलं, तोंडाची चव गेली, दोन-चार वेळा पातळ झालं, की घरातली म्हातारी बाई मूठभर आंबुशी आणायला सांगायची आणि ताकात शिजवून द्यायची. आज आम्ही या आंबुशीचा इतिहास सांगणार आहोत.

एवढ्याशा पाल्याला कसला इतिहास, असं वाटेल. पण आंबुशीचा इतिहास दोन ठिकाणी आहे. एक ग्रंथांत आणि एक चुलीजवळ. ग्रंथातला भाग दोन हजार वर्षं जपला गेला. चुलीजवळचा भाग सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे आला आणि आता आपल्या डोळ्यांदेखत तुटत चालला आहे. तो तुटला की दोन नुकसानं होतात. हाताशी असलेला पाला ओळखेनासा होतो, हे एक. आणि त्या पाल्यानं काय होतं आणि काय होत नाही, हे मापही हरवतं. हगवणीत हे माप चुकलं तर लेकरू जातं. म्हणून आजचं बोलणं.

आधी ओळख पक्की करू. आंबुशी, आंबुटी, आंबोटी ही तिची मराठी नावं. हिंदी मुलखात तिला तिनपतिया म्हणतात. संस्कृतात चांगेरी. १७५३ साली स्वीडनच्या लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञानं तिला ‘ऑक्सॅलिस कॉर्निक्युलाटा’ असं शास्त्रीय नाव दिलं. कॉर्निक्युलाटा म्हणजे बारीक शिंगांची. तिच्या उभ्या टोकदार शेंगा त्यानं पाहिल्या आणि त्यावरून नाव ठेवलं. आपल्याकडच्या बायांनी ती तोंडात घालून पाहिली आणि आंबट चवीवरून नाव ठेवलं. हीच चव आजही ओळखीची सर्वांत सोपी खूण आहे. प्रत्येक देठावर तीन पानं, प्रत्येक पान मधोमध खाच असलेलं, बदामाच्या आकाराचं. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. शेंग पिकली की हात लागताच फुटते आणि बी उडतं. संध्याकाळी पानं मिटतात. तीन पानांचा चाऱ्याचा घासही शेतात दिसतो, पण तो आंबट नसतो आणि त्याच्या पानाला अशी खोल खाच नसते.

आता ग्रंथाकडे जाऊ. आयुर्वेदाचा चरकसंहिता हा मोठा ग्रंथ एका माणसानं एका बैठकीत लिहिलेला नाही. त्याचे जुने भाग साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे मानतात. पुढे दृढबल नावाच्या वैद्यानं त्यात राहिलेला भाग पूर्ण केला. या ग्रंथात आंबुशी तीन निरनिराळ्या ठिकाणी भेटते, आणि ती कुठे भेटते हे पाहण्यासारखं आहे.

पहिली जागा सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय. तिथे अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे आपल्या भाषेत पेजा, सांगितल्या आहेत. त्यांतली एक पेज अशी: कवठ, बेल, आंबुशी, ताक आणि डाळिंब घालून शिजवलेली. ती अन्न पचवते आणि पातळ होणं आवरते, असं ग्रंथ सांगतो. दुसरी जागा त्याच सूत्रस्थानाचा सत्ताविसावा अध्याय. तिथे खाण्यापिण्याच्या पदार्थांचे गुण आहेत आणि आंबुशी पालेभाज्यांच्या वर्गात बसली आहे. ती भूक वाढवते, उष्ण आहे, मळ बांधते, ग्रहणीला आणि मूळव्याधीला हितकर आहे, असे तिचे गुण दिले आहेत. ग्रहणी म्हणजे जुनाट पोटाचा आजार, खाल्लेलं अंगी न लागता पुन्हा पुन्हा पातळ होणं. तिसरी जागा चिकित्सास्थानात, अतिसाराच्या अध्यायात. तिथे आंबुशीचा रस, आंबट बोरं, आंबट दही, सुंठ आणि क्षार घालून तूप सिद्ध करायला सांगितलं आहे. हगवणीनं बेजार झालेल्या माणसाचं आमण बाहेर येतं, त्यासाठी हे तूप. चांगेरी घृत या नावानं ते वैद्यांकडे आजही ओळखलं जातं.

बहिणींनो, या तीन जागा नीट पाहा. तिसरी जागा वैद्याची आहे. तूप सिद्ध करणं हे घरातलं रोजचं काम नव्हे. पण पहिल्या दोन जागा म्हणजे पेज आणि भाजी. त्या चुलीवरच्या आहेत. तांदूळ, ताक, धुऱ्यावरचा पाला, अंगणातला बेल. झाडीपट्टीत यातली कुठली वस्तू विकत आणावी लागत होती? एकही नाही. आपल्या आजीनं चरकसंहिता वाचली नव्हती. तरी तिची ताकातली आंबुशी आणि त्या ग्रंथातली पेज एकमेकींच्या शेजारी बसतात.

मग कोणी कोणाकडून शिकलं? याचं थोडं उत्तर त्याच ग्रंथात आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे की, रानात शेळ्या-मेंढ्या राखणारे, गाई राखणारे आणि इतर वनवासी यांना वनस्पती नावानं आणि रूपानं माहीत असतात. म्हणजे वैद्यांनी गुराख्यांचं आणि रानातल्या माणसांचं ऋण लिहून ठेवलं. पण लगेच पुढे असंही म्हटलं आहे की, नाव आणि रूप कळलं म्हणजे वापर कळला असं नाही. वापर जाणणारा तो खरा जाणकार. आता विचार करा. या यादीत गुराखी आले, वनवासी आले. रोज पाला खुडणारी, तो शिजवणारी, घरातल्या आजाऱ्याला भरवणारी आणि दुसऱ्या दिवशी उतार पडला की नाही हे पाहणारी बाई त्या यादीत वेगळी आलेली नाही. तिला नाव माहीत होतं, रूप माहीत होतं आणि वापरही माहीत होता. तिचं ज्ञान भाजी म्हणून ग्रंथात गेलं. ती स्वतः मात्र बाहेर राहिली.

आता आपल्या भागाकडे येऊ. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, पण पाणी आणि धान दोन्हीकडे सारखंच. इथले शेकडो तलाव आणि बोड्या बांधण्यात कोहळी समाजाचं मोठं नाव आहे. ढिवर समाजानं त्या तलावांतली मासळी आणि पाणवनस्पती सांभाळल्या. मालगुजारी होती तेव्हाचे म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव, आपल्या बोलण्यात मामा तलाव म्हणतात. तलाव भरला, पाट सुटला, की धुरे महिनोन् महिने ओले राहतात. आंबुशीला तेवढंच हवं असतं.

पोटाच्या तक्रारींचाही हंगाम तोच. पावसाचं गढूळ पाणी विहिरीत उतरतं, माश्या वाढतात, शिळं अन्न लवकर आंबतं. रोवणीत दिवसभर वाकून, चिखलात उभं राहून, सकाळची शिदोरी दुपारी खाऊन पोट बिघडणार नाही तर काय होईल? त्या दिवसांत दवाखाना दूर, नाल्याला पूर आणि हातात पैसा नाही. जो पाला त्याच दिवसांत, त्याच धुऱ्यावर उगवतो तो उपयोगी पडला, यात नवल नाही. हे ज्ञान बायांकडे राहिलं त्याचं कारणही साधं आहे. पऱ्हे उपटणं, रोवणी आणि निंदण ही बायांची कामं. निंदताना प्रत्येक रोपटं हातात येतं. कोणतं फेकायचं, कोणतं ओट्यात टाकून घरी न्यायचं, हे तिथेच ठरायचं. निंदणाची पात हीच पाला ओळखायची शाळा होती. सोबत आलेली पोर त्या शाळेत आपोआप शिकायची.

इंग्रजांचा अंमल आला तेव्हा लिहिण्याचं काम फार वाढलं. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ साली खालसा झालं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि भंडारा त्यात आला. जमिनीचा बंदोबस्त झाला. कोणाचं शेत, किती सारा, कोणत्या जंगलातून कोणी लाकूड घ्यायचं, तलावाचं पाणी कोणाला, गुरं कुठे चरायची, हे सगळं कागदावर आलं. वाजिब-उल-अर्ज हा शब्द आपल्याकडे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे, तो या कागदांवरून आला. पुढे १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड छापले. त्यांत कोहळी, ढिवर, हलबा, गोंड, पवार या सगळ्यांवर लिहिलं आहे. लग्नाच्या चाली, देव, धंदे, सगळं आहे. आजाऱ्याला बायका कोणता पाला शिजवून देतात, हा मात्र त्या लिखाणाचा मुख्य विषय नव्हता. सरकारला सारा हवा होता आणि लोकांची ओळख हवी होती. भाजीच्या टोपलीतलं ज्ञान विचारायला कोणी आलं नाही.

त्याच सुमारास मराठीत एक वेगळं काम झालं. शंकर दाजीशास्त्री पदे या वैद्यांनी ‘आर्यभिषक्’ नावाचा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. वनस्पतींची ओळख आणि त्यांचे उपयोग साध्या वाचकाला कळावेत, यासाठी तो होता. १९०७ साली वैद्यांची अखिल भारतीय परिषद उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. संस्कृत न येणाऱ्या घरांत औषधी पाल्यांची माहिती अशा पुस्तकांमुळे पोहोचली. पण पुस्तक वाचायला अक्षर यावं लागतं. आपल्या पणज्यांच्या काळी खेड्यात अक्षर ओळखणारी बाई शोधून सापडली नसती. म्हणून ज्यांच्याकडे पाल्याचं ज्ञान होतं त्यांच्यापर्यंत पुस्तक आलं नाही, आणि ज्यांच्याकडे पुस्तक होतं त्यांना धुरा माहीत नव्हता.

आता या इतिहासातला काळा भाग. तो सांगितल्याशिवाय आंबुशीचं कौतुक करणं बरोबर नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ आले. माणसं मोहावर, कंदांवर, रानातल्या पाल्यावर जगली. दुष्काळाच्या मागोमाग पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. तांदळाच्या धुवणासारखे ढाळ सुरू होतात आणि धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडतो. गावोगाव मरीमायची ठाणी आहेत, ती त्या भीतीची आठवण आहेत. पटकीपुढे आंबुशीचं ताक चाललं नाही. बेल चालला नाही, डाळिंबाची साल चालली नाही. पाल्यात ती ताकदच नव्हती, कारण पटकीत माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. पाला मळ बांधायला थोडी मदत करील, पण गेलेलं पाणी परत आणणार नाही.

हे पाणी परत कसं आणायचं याचा शोध आपल्याच काळात लागला. १९६० च्या दशकात ढाक्याला आणि कोलकात्याला डॉक्टरांनी पाहिलं की, नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ बिघडलेल्या आतड्यात नीट शोषलं जात नाही. पण त्यात साखर योग्य मापात मिसळली की साखर मिठाला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणीही अंगात शिरतं. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत कालवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हातांत दिलं. आधी शंभरातले तीसेक आजारी दगावत होते, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. हेच आपलं ओआरएस. महालनबीस २०२२ साली वारले आणि त्यानंतर २०२३ साली त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं.

पुढचा भाग बायांचा आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० अशी दहा वर्षं घरोघर फिरल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचं माप त्यांनी एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांतल्या आयांना शिकवलं. शिकवून गेल्यावर दुसरं माणूस येऊन आईला विचारायचं, आणि आईला किती आठवतं त्यावर त्या कार्यकर्तीचा मेहनताना ठरायचा. कागद वाटून काम भागलं नाही. बाईच्या हाताला माप बसलं तेव्हाच भागलं. ढाक्याच्या संशोधकांनी तांदळाच्या पिठाचं मीठपाणीही करून पाहिलं आणि पटकीच्या रोग्यांना ते चांगलं लागू पडलं. तांदूळ शिजवलेलं पाणी आणि मीठ, म्हणजे काय हो? आपली पेजच ना! आपल्या आज्या आजाऱ्याला पेज पाजायच्या, त्यामागे खरं कारण होतं. फक्त मिठाचं नेमकं माप आणि ‘थोडंथोडं पण सतत पाजा’ हा हट्ट, एवढं त्यात नव्यानं आलं.

म्हणून जुन्या पेजेच्या वाटीत दोन कामं होती हे आज आपल्याला वेगळं करून सांगता येतं. पेज पाणी भरून काढते. आंबुशी आणि ताक तोंडाला चव आणतात, भूक चाळवतात, साध्या बिघाडात पोटाला आराम देतात. पहिलं काम जीव वाचवायचं आहे. दुसरं काम जिवाला बरं वाटायचं आहे. दोन्हींना आपापल्या जागी मान द्यायचा. दुसरं काम पहिल्याच्या जागी बसवायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? मालगुजारी कायद्यानं संपली, तलाव सरकारकडे गेले, बरेच गाळानं भरले. प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, आशाताई आल्या, १०८ ची गाडी आली. हे सगळं चांगलंच झालं. पण शेतात आणखी एक बदल झाला. निंदणाच्या जागी तणनाशक आलं. मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून फवारा मारला जातो. पाठ वाचते, हे खरं आहे. निंदणात बाईची कंबर मोडायची, त्याचं गोडवं आम्ही गाणार नाही. पण फवाऱ्यानं तणासोबत आंबुशी, घोळ, कुरडू, तरोटा हे सगळंच जळतं. आणि निंदणाची पात मोडली तशी पोरींची शाळाही मोडली. आज वीस वर्षांच्या मुलीला आंबुशी दाखवली तर ती शोभेचं रोप समजते.

दुसरीकडे रानभाज्यांना बाहेर मान येतो आहे. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो आणि आपले बचत गट तिथे भाज्या मांडतात. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी बायांकडून झाडांविषयी ऐकलं आणि ‘गोईण’ नावाच्या पुस्तकात मांडलं. असं लिहून ठेवणं किती महत्त्वाचं असतं, हे हळदीच्या भांडणात देशाला कळलं. १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला हळदीनं जखम भरण्याच्या उपायावर पेटंट मिळालं. आपल्या प्रत्येक घरात जे ठाऊक आहे त्यावर दुसऱ्याची मालकी! वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं हे पेटंट लढवलं. तेव्हा परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते, आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मलेले. तिथल्या कायद्याप्रमाणे परदेशातलं ज्ञान लेखी असलं तरच पुरावा म्हणून चालायचं. ‘आमची आजी लावायची’ हे चालत नव्हतं. म्हणून जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले बत्तीस लेखी पुरावे दिले गेले आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं.

यातून आपण काय घ्यायचं? चरकातली चांगेरी लिहिलेली आहे, ती सुरक्षित आहे. आपल्या गावची ताकातली आंबुशी लिहिलेली नाही. ती लिहायची सोय कायद्यानं केलेली आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. २००४ च्या नियमांत त्या समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्यात असं सांगितलं होतं. समितीनं गावच्या झाडाझुडपांची आणि त्यांच्या वापराच्या ज्ञानाची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली तेव्हा देशभर नोंदवह्या घाईनं भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत बायांना विचारलं गेलं का, हे आपण आपल्या गावात पाहायचं आहे. येत्या ग्रामसभेत वही मागा. आंबुशी त्यात आहे का पाहा. नसेल तर तुमच्या गावात तिला काय म्हणतात, कुठे उगवते, कोणत्या महिन्यात खुडतात, कशी शिजवतात, कोणाला देत नाहीत, हे सांगून लिहून घ्या. जिनं सांगितलं त्या बाईचं नाव तिच्या मर्जीनं लिहा. एखादी गोष्ट गावाबाहेर जाऊ नये असं वाटत असेल तर तेही समितीत आधीच सांगा.

आता वापराचं. नीट ऐका आणि गटात एकमेकींना म्हणून दाखवा.

आंबुशी फवारा मारलेल्या बांधीतून, रस्त्याच्या कडेनं किंवा गटाराजवळून खुडू नका. मूठभर कोवळा पाला तीन पाण्यांतून धुवा आणि चिरा. वाटीभर ताज्या, पातळ ताकात चमचाभर तांदळाचं पीठ कालवा, म्हणजे ताक फाटत नाही. जिरं आणि चवीपुरतं मीठ घालून मंद आचेवर हलवत शिजवा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट शिजवायचं नाही, हे आपल्या आज्याही सांगत. मऊ भातासोबत थोडं थोडं खा. हे मोठ्या माणसाच्या साध्या बिघाडासाठी. आंबुशीचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा असतो, म्हणून मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ती टाळावी, आणि कोणीच ती रोज भरपूर खाऊ नये. तान्ह्या बाळाला पाल्याचा रस अजिबात द्यायचा नाही.

लेकराला हगवण लागली तर पहिलं काम ओआरएस. पुडी आशाताईंकडे मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप वाढवू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. चमच्या-चमच्यानं पाजत राहा. अंगावरचं दूध थांबवू नका. मोठ्या लेकराला पेज, मऊ भात चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या आशाताई सांगतील तितके दिवस पूर्ण द्या, हगवण थांबली तरी. आणि डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं, लघवी होईना, पाणी पोटात ठरेना, ताप चढला किंवा शौचातून रक्त पडलं, तर कुठल्याही पाल्याची वाट पाहायची नाही. थेट दवाखाना, नाहीतर १०८.

बहिणींनो, दोन हजार वर्षांत या पाल्याबद्दल ज्यांनी लिहिलं ते बहुतेक पुरुष होते आणि ज्यांनी तो खुडून, शिजवून, भरवून पाहिला त्या बहुतेक बाया होत्या. आता आपल्याला अक्षर येतं, गट आहे, ग्रामसभेत बसायचा हक्क आहे. या पावसाळ्यात प्रत्येक गटानं एक काम करावं. गावातल्या सर्वांत वयस्क दोन-तीन बायांना सोबत घेऊन धुऱ्यावर जा, सोबत शाळेतल्या पोरीही न्या, आणि जो जो पाला त्या दाखवतील त्याचं नाव, वापर आणि तो कधी वापरायचा नाही, हे तिन्ही वहीत लिहा. तिसरी गोष्ट विसरू नका. ती लिहिली तरच बाकीच्या दोन खऱ्या कामाच्या.